कोसळलं की कळवा

...नाही, पण मी काय म्हणतो, लिफ्ट बंद आहे तर एक कागद चिकटवायला काय जातं? निबंध नको, कविता नको, 'लिफ्ट बंद आहे', संपलं! माणूस येतो, बटन दाबतो, उभा राहतो, परत दाबतो, वर आकड्याकडे बघतो, आकडा ढिम्म... आणि मग कुठून तरी वरून तो जगन ओरडणार, "काम चालूए, पाच मिनिटं थांबा!" जगन म्हणजे आपला लिफ्टवाला, त्याची पाच मिनिटं तुम्हाला ठाऊक आहेत, गेल्या वेळच्या पाच मिनिटांत माझा कुकर लावून, जेवून, भांडी घासून झाली होती... अहो कुमुदकाकू, चढताय कुठे? पाचवा मजला आहे तुमचा! ते गुडघे घेऊन? बसा इथे पायरीवर, ती पिशवी द्या माझ्याकडे. बसा हो तुम्ही पण सगळे, घाई कसली आहे. हे असंच चाललंय बघा. काय बिघडलंय, का बिघडलंय, कधी नीट होणार, अख्ख्या न्यू पनवेलला माहीत असतं, पण मला कोणी सांगेल तर शपथ!

आता विषय निघालाच आहे म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या सगळ्यांच्या मनात एक प्रश्न आहे, मला माहितीये, की हा कल्पेश कंपनी सोडून घरी बसला, दिवसभर दार लावून कॉम्प्युटरसमोर असतो, तर हा करतो काय? विचारत कोणी नाही ते सोडा! तर मी लोकांची मोबाईलची ॲपं करून देतो. कुणाचं किराणा दुकान, कुणाचा क्लास, कळंबोलीच्या एका लोखंडवाल्याचं तर सळईचं वजन मोजायचं ॲप केलंय मी. पण ती झाली दुसऱ्यांची. माझं स्वतःचं, हौसेचं, मनापासून केलेलं ॲप एकच. नाव, 'आज चालेल का?'

हसताय काय? त्यामागे दुःख आहे. आईला तुम्ही ओळखत होतात, काकू. आई होती तोवर मला वार कधी कळावा लागला नाही. सकाळी मी पिशवी हातात घेतली की स्वयंपाकघरातून आवाज, "कल्पेऽश! आज गुरुवार आहे हो, मच्छी मार्केटच्या रस्त्याला लागू नकोस!" परवा संकष्टी, पुढच्या आठवड्यात एकादशी, पुढच्या महिन्यात श्रावण, आत्ताच खाऊन घे काय ते... सगळं आपोआप. मी कॅलेंडर भिंतीला फक्त खिळा झाकायला लावलं होतं. आणि मग आई गेली. आणि एके दिवशी मी छान बोंबील तळले, वरण, भात, कांदा, सगळं साग्रसंगीत, ताट चाटूनपुसून साफ केलं, आणि हात धुऊन मोबाईल उघडतो तर सोसायटीच्या ग्रुपवर सतरा गणपती! 'संकष्टी चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा!' अहो, सकाळपासून तुम्ही एकमेकांना शुभेच्छा देताय, खिडकीतून तळणाचा वास आला असेल तुम्हाला, 'अरे कल्पेश, आज चतुर्थी आहे' म्हणून एकाने हाक मारावी? मला कोणी सांगेल तर शपथ!

आता मी काही फार देवदेव करणारा नाही. गणपती बोंबलावरून माझ्यावर रागावेल असंही मला वाटत नाही. पण तुम्हाला खरं सांगतो, परत त्या ताटासमोर जाऊन बसलो मी. चतुर्थी मोडली म्हणून नाही हो. आता आपल्याला असलं काही सांगणारं माणूस घरात उरलं नाही, हे त्या दिवशी रिकाम्या ताटासमोर बसून मला कळलं. फार एकटं वाटलं.

मग काय करणार? ज्याला जे येतं ते तो करतो. मी ॲप केलं! उघडलं की अख्ख्या स्क्रीनवर एक पापलेट. आज चालत असेल तर पापलेट शेपटी हलवतं, डोळा मिचकावतं. चालत नसेल तर आडवं पडतं, त्याच्यावर लाल फुली आणि खाली कारण. गुरुवार. संकष्टी. एकादशी. तुमच्या घरी शनिवार पाळतात? शनिवारावर टिचकी मारा. सोमवार सोडलाय? सोडा! माझ्या फोनवर मी आईचेच वार ठेवलेत. त्या पापलेटच्या शेपटीवर मी किती खपलोय ते तुम्हाला सांगूनही पटणार नाही. ग्रुपवर टाकलं. काय आलं? अंगठे. काकू, तुमचाही अंगठा होता. मग मी मच्छी मार्केटात गेलो, एकेका कोळणीसमोर उभा राहून, "मावशी, फोन द्या, एक गंमत टाकून देतो." त्या हसून हसून बेजार! "आता वार पन मोबाईल सांगनार काय रं?" तरी दोघीतिघींच्या फोनवर टाकलंच मी. आणि घरी येऊन बसलो वाट बघत.

आणि मग... शांतता. बरं म्हणत नाही कोणी, वाईट म्हणत नाही कोणी. अभिप्राय दोन. दोन्ही पाच तारे. एक माझा, एक परेशचा. परेश म्हणजे माझा जुन्या कंपनीतला मित्र, हल्ली पुण्याला असतो, त्याला मी फोन करून करून द्यायला लावला. आणि लोक ॲप काढून टाकत होते! ते मात्र दिसतं हं, आज एक गेला, परवा दोन गेले. का गेलात? पापलेट आवडलं नाही? तिथी चुकली? उघडताच बंद पडतंय? अहो, काहीतरी बोला! शिव्या द्या! जाताना माणूस दार तरी आपटतो! पण नाही. मला कोणी सांगेल तर शपथ!

तर हा परेश. त्याला फोन केला तर त्याचं आपलं, "ब्रो... ब्रो, ऐक... एक मिनिट हां, कॉलवर आहे... हां ब्रो, तू क्रॅश रिपोर्टिंग टाकलंयस का? नाही? मग तुला झाट काही कळणार नाही... सॉरी, मी स्पीकरवर नाहीये ना? टाक ब्रो, अर्ध्या तासाचं काम आहे!" आता क्रॅश रिपोर्टिंग म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो, सोपं आहे. तुमच्या फोनवर माझं ॲप मध्येच धाडकन बंद पडलं, कोसळलं, तर ते का कोसळलं, कितव्या ओळीत कोसळलं, फोन कुठला होता, बॅटरी किती होती, सगळी खबर आपोआप माझ्यापर्यंत येते. माणसाचं नाव-गाव येत नाही, तेवढी अब्रू ठेवतात. बाकी सगळं. म्हणजे बघा, जगात अशी एक सोय आहे की काही बिनसलं की कोणीतरी येऊन मला सांगणार! आणि हे मला कोणी आधी सांगितलं का? नाही!

बसलो लावायला. अर्ध्या तासाचं काम म्हणे! त्यांची एक फाइल उतरवून घ्यायची आणि ॲपच्या फोल्डरमध्ये ठेवायची. ठेवली. चालेना. का? तर 'ॲप' नावाच्या फोल्डरच्या आत अजून एक 'ॲप' नावाचा फोल्डर असतो, त्यात ठेवायची. मग दोन ओळी इथे लिहा, एक ओळ तिथे लिहा. लिहिल्या. लाल अक्षरं! माझं सगळं सामान जुनं, त्यांचं नवीन, दोघांचं पटेना. एक वाढवलं तर दुसरं रुसलं, दुसरं वाढवलं तर पापलेटने शेपटी हलवायची सोडली. लग्नाच्या याद्या करताना झाली नसेल एवढी बोलणी करावी लागली... म्हणजे लोकांच्या लग्नाच्या. माझ्या कुठल्या याद्या! आणि दोन दिवसांनी सगळं हिरवं झालं, तेव्हा शेवटची सूचना काय? 'आता आपलं ॲप मुद्दाम कोसळवा.'

तुम्हाला सांगतो, दुसरं कुठलं काम आहे का जगात असं? सुतार खुर्ची करतो आणि म्हणतो का, की आता साहेब, एकदा पाय मोडून दाखवा म्हणजे खात्री पटेल? पण नाही, खबर येते की नाही हे बघायला आधी आपणच बिघाड करायचा, अशी पद्धतच आहे. त्यासाठी एक बटन लावायचं. मी लावलं. पापलेटच्या खाली, कोपऱ्यात, लालभडक. दाबलं. धप्! ॲप गायब. मी इकडे कॉम्प्युटरवर खबरीच्या पानाकडे डोळे लावून बसलोय... काही नाही. परत दाबलं... म्हणजे उघडून परत दाबलं. आणि मग आली खबर, पण पहिल्या वेळची! मग वाचून काढलं तर कळलं, की ॲप पडल्या पडल्या काही सांगत नाही. पडलेलं सांगणार कसं? पुन्हा कोणी उघडलं की मग उठून बसतं आणि सांगतं, "मघाशी पडलो होतो बरं का."

आई अशीच होती. मोरीत पाय घसरला तर त्या दिवशी ब्र काढणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे करताना, "काल जरा पडले हो मी."

असो. तर ती पहिली खबर! काय थाटात आली म्हणून सांगू! 'गंभीर बिघाड. एक व्यक्ती बाधित.' ती बाधित व्यक्ती म्हणजे मीच, पण काय ती विचारपूस! फोन कुठला, किती जुना, आडवा धरलाय की उभा, आत जागा किती शिल्लक, बॅटरी किती उरलीय... अहो, माझी बॅटरी किती उरलीय हे आई गेल्यानंतर पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं! मी इतका खूश झालो, इतका खूश झालो, की त्याच आनंदात ॲपची नवीन आवृत्ती लोकांसाठी सोडून दिली आणि चहा टाकला.

आता तुमच्यातल्या हुशार माणसांच्या लक्षात आलं असेल मी काय करून बसलो ते. माझ्या नाही आलं.

दोन दिवसांनी सकाळी पान उघडलं तर खबर हजर! 'गंभीर बिघाड. एक व्यक्ती बाधित.' कारण काय, तर चाचणीचं बटन. मी म्हटलं, आपलीच परवाची असेल, रेंगाळली असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत. मी म्हटलं, ही काय भानगड, मी तर हात नाही लावला! आणि मग नीट बघतो, तर फोन माझा नाहीच. कुठलातरी जुना, स्वस्तातला, आत जागा नावालासुद्धा नाही, बॅटरी मात्र रोज भरलेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला... मी ते लाल बटन काढायलाच विसरलो होतो! बिघाड करायचं बटन, लोकांच्या हातात! आणि कोणीतरी अनोळखी इसम रोज नेमाने ते बटन दाबून माझं ॲप आडवं पाडत होता!

का? कोण हा? माझं कोणाशी वैर? मी कोणाशी बोलतच नाही तर वैर कुठून येणार! लहान पोर म्हणावं तर खबरीवर वेळ रोज पहाटेची, एवढ्या पहाटे कुठलं पोर उठतं? मी परेशला फोन केला. "ब्रो! प्रॉडक्शनमध्ये टेस्ट बटन? ब्रोऽऽ!" पाच मिनिटं नुसता हसत होता. मग म्हणाला, "काढून टाक ना, दोन ओळी आहेत!" मी म्हटलं, काढतो.

आणि नाही काढलं. आता हे मी तुम्हाला का सांगतोय मला माहीत नाही, पण नाही काढलं. आज काढू, उद्या काढू. कारण काय झालं होतं, मला सवय झाली. सकाळी उठायचं, चहा करायचा, कप घेऊन पान उघडायचं, आणि खबर आलेली असायची. 'एक व्यक्ती बाधित.' मी म्हणायचो, "आलात? या!" त्यांची बॅटरी बघायचो, "अरे वा, आज शंभर टक्के!" एकदा चाळीसच होती, तर मला दिवसभर चुटपुट, काल रात्री चार्जिंगला लावायला विसरले की काय, लाईट गेली होती की काय... हसू नका. माझ्याशी रोज सकाळी न चुकता येऊन काहीतरी बोलणारं ते एकच माणूस होतं. बोलायचं काय, तर 'पडलो'. पण बोलायचं!

शेवटी परेशनेच माती खाल्ली. म्हणजे तो बरोबरच बोलला, पण मला झोंबलं. म्हणाला, "कल्पेश," ब्रो नाही हं, कल्पेश, "तो माणूस रोज विश्वासाने तुझं ॲप उघडतो, रोज ते त्याच्या तोंडावर आपटतं, तरी दुसऱ्या दिवशी तो परत उघडतो. आणि तू तिकडे चहा पीत बघत बसतोस? अरे, काहीतरी वाटू दे!" फोन ठेवला. मी त्याच दिवशी बटन काढलं, नवीन आवृत्ती सोडली, लोकांच्या फोनवर ती आपोआप जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आदल्या पहाटेची शेवटची खबर आली, आणि तिसऱ्या दिवशी चहा घेऊन पान उघडलं. हिरवंगार! मोठी बरोबरची खूण! 'अभिनंदन! एकही बिघाड नाही. शंभर टक्के लोक सुखरूप.' त्याच्या दुसऱ्या दिवशी, अभिनंदन. त्याच्या दुसऱ्या दिवशी, अभिनंदन! अहो, कोण सुखरूप? किती सुखरूप? उघडलं का नाही कोणी? आता ती पद्धतच तशी, बिघडलं तर कळवायचं, नीट चाललं तर तोंड उघडायचं नाही. मला तर ते अभिनंदन बघून असं वाटायला लागलं, की सगळं गाव जत्रेला गेलंय आणि मीच घराला कुलूप नाही म्हणून मागे राहिलोय. कुठे गेलं ते माणूस? वैतागून काढून टाकलं? आजारी पडलं? मेलं का जिवंत आहे? मला कोणी सांगेल तर शपथ!

असाच एका सकाळी चहा निववत बसलो होतो, आणि मला ते हिरवं पान बघवेना. उठलो, पिशवी घेतली आणि थेट मच्छी मार्केट. म्हटलं, चार माणसांत तरी उभं राहू, ओरडाआरडा ऐकू, कोळंबी घेऊ. आत शिरतो न शिरतो तोच हाक, "ए बालाऽ! ए आपवाल्या! इकडं ये!"

बघतो तर सोनाबाई. काकू, तुम्ही पण त्यांच्याकडूनच घेता ना? कोपऱ्यात बसतात, उरणहून येतात, आईच्या वेळेपासूनच्या. ज्या दोघीतिघींच्या फोनवर मी ॲप टाकलं होतं त्यातल्या एक. मला वाटलं होतं, काढून टाकलं असणार. तर समोर पाटीवर बर्फ, बर्फावर कोळंबी, आणि सोनाबाई कोयता परजून, "ह्ये तुजं आप बिगारलंय!"

मी म्हटलं, "काय झालं मावशी?"

"बंद व्हत नाय!"

"...बंद होत नाही?"

"नाय ना! आदी तो लाल बटन व्हता कोपऱ्यान. मासा बगायचा, लाल बटन दाबायचा, खटकन बंद! आता बटनच नाय. कोन मेल्यानं काडला त्यो?"

तुम्हाला सांगतो, माझ्या पायाखालची फरशी सरकली... म्हणजे ओलीच होती, पण सरकली! मी म्हटलं, "मावशी, ते तुम्ही दाबत होता? रोज? अहो, ते... त्याने ॲप कोसळतं!"

"व्हय तर! मंग बंद कसा करनार? सून बोलते, आप उगडा ठेवू नका, बॅटरी खातंय. मी पाटेची बंदरावर जाते, तितना हितं येते, रातच्याला घरा जाईपत्तर फोन चालाला नको? मंग ती बोलते, बोट वर सरकवा, मंग बाजूला सरकवा." आणि दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले. बर्फाचं पाणी, खवले, बुळबुळीत. "ह्या हातान मासा सरकतो बाला, आप नाय सरकत! तुजा बटन कसा, बोटाचा पेर टेकवला का गप. सगल्या मोबाईलान एक तुजाच आप नीट बंद व्हतं. मी सगल्यांना सांगते, पोऱ्यानं अक्कल चालवलीय!"

अक्कल! माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गाढवपणाला मिळालेली ती पहिली शाबासकी. मी म्हटलं, "पण मावशी, तुम्ही ॲप बघता कशाला? तुम्हाला तर सगळे वार चालतात!"

"आमाला चालतान रं! तुमचं नखरं किती! कोनाला गुरवार नको, कोनाला शनवार नको. पाटे बंदरावर माल उचलताना बगते, मासा आरवा पडलेला असला का कमी उचलते." आणि मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून, "तुला काय पायजे?"

"अर्धा किलो कोळंबी द्या."

तराजूकडे गेलेला हात थांबला. कोयता खाली ठेवला. आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं... "आज गुरवार ना रं? तुजी आई गुरवारची ह्या लायनीला पाय ठेवीत नव्हती. दुरूनच हात करायची. नाय देत मी तुला, जा! भेंडी घे! आनि आप कोनाचा हाय? तुजाच ना? मंग बगाला काय व्हतं?"

मी फोन काढला, उघडलं. पापलेट आडवं. लाल फुली. गुरुवार.

तुम्हाला सांगतो, मला रडायला आलं. भर बाजारात, कोळंबीच्या ढिगासमोर, हातात रिकामी पिशवी घेऊन. गिऱ्हाइकं बघतायत, सोनाबाई म्हणतायत, "बर्फाचं पानी उरलं काय डोल्यान?" कसं सांगू त्यांना? अहो, मला कोणीतरी सांगितलं होतं! वार सांगितला! न विचारता! रागावून! मी भेंडी घेतली, बटन परत लावून देतो म्हणून त्यांना शब्द दिला आणि उड्या मारत घरी आलो. भेंडी मला आवडत नाही.

घरी आल्यावर मात्र पेच. बटन तर परत लावायचं, शब्द दिला होता. पण कसं लावायचं? परेश म्हणाला, "ब्रो, सिंपल! नीट बंद होणारं बटन दे, एका ओळीचं काम!" बरोबर आहे. त्या एका ओळीने ॲप शहाण्यासारखं, हळूच, दार लोटून घेतल्यासारखं बंद होतं. कोसळत नाही, बोंब नाही, आणि खबरही नाही. सोनाबाईंना काय फरक पडणार? काही नाही. फरक मला पडणार. मी ती एक ओळ लिहिली. बघत बसलो. पुसली. आणि जुनं, लालभडक, धप्पकन पाडणारं बटन होतं तसं लावलं, फक्त थोडं मोठं केलं, बोटाच्या पेराला सोपं जावं म्हणून.

तेव्हापासून रोज सकाळी मी चहा घेऊन बसतो आणि खबर येते. 'गंभीर बिघाड. एक व्यक्ती बाधित.' आता मला त्याचा अर्थ कळतो. कालची पडझड आज उघडल्यावरच कळते ना, म्हणजे खबर आली की समजायचं, सोनाबाई आज उठल्या, बंदरावर पोचल्या, सगळं ठीक आहे. मध्ये एकदा नाही आली. मी अर्धा चहा टाकून मार्केटात! सोनाबाई बसलेल्या मस्त, पापलेट कापतायत. "काय झालं मावशी?" "कुटं काय? नेट नव्हता बंदरावर. तू कशाला पलत आलास? आज शनवार हाय, तुला चालतंय, घे पापलेट." घेतलं! आता मला सांगा, परेश म्हणतो हा बग आहे, म्हणजे चूक, धंद्याच्या दृष्टीने...

...आली? लागली लिफ्ट? दिवा लागला, हो! बघा, पाच मिनिटं म्हणाला होता जगन, मला तर वाटलं आत्ताच बसलो. चला, चला, काकू आधी, सांभाळून, ही घ्या पिशवी, मेथी दबली नाहीये. मावाल सगळे, जरा आत सरका. पोचलात की वरून एक हाक मारा हं... नाही मारलीत तरी चालेल. मी? नाही, नाही, तुम्ही व्हा पुढे... हो काकू, माहितीये ना मला. तळमजला. हे काय, हे समोरचंच दार माझं. मला कशाला लागते लिफ्ट! पण ती बंद आहे, हे तुम्हाला कोणीतरी सांगायला नको?